टीव्हीवरील पातेस्पर्धा आणि आपल्या भट्ट्या

निसणा (धागाकर्ता)

अमेरिकेतील हिस्टरी वाहिनीवर २०१५ साली सुरू झालेला 'फोर्ज्ड इन फायर' हा कार्यक्रम कोल्हापूर परिसरातील तरुण सुरीकारांच्या बोलण्यात आता वारंवार येतो. उद्यमनगरात किंवा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत दिवसभर यंत्रावर काम करून संध्याकाळी घरामागच्या छोट्या गॅसभट्टीवर सुऱ्या घडवणारी काही मुले माझ्या परिचयाची आहेत, आणि त्यांच्यातील बहुतेकांनी हातोडा उचलला तो हा कार्यक्रम पाहूनच. म्हणून या विषयावर नीट चर्चा व्हावी असे वाटले.

ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार लोहार असतात. पहिल्या फेरीत बहुधा तीन तासांत दिलेल्या पोलादातून पाते घडवायचे, दुसऱ्या फेरीत त्याला मूठ बसवायची, मग परीक्षक ते पाते शिंगावर, बर्फाच्या लादीवर किंवा आणखी कशावर तरी हाणून पाहतात आणि त्याची धारही तपासतात. प्रत्येक टप्प्यावर एकेक जण गळत जातो आणि उरलेले दोघे आपापल्या घरच्या भट्टीवर काही दिवसांत एखादे ऐतिहासिक शस्त्र घडवून आणतात. जिंकणाऱ्याला १०,००० डॉलर मिळतात.

माझे म्हणणे असे की या कार्यक्रमातून पाते घडवण्याची रीत उचलण्याची घाई आपली मुले करतात, परंतु तेथील खरी उचलण्यासारखी गोष्ट म्हणजे पाते तपासण्याची रीत होय. आपल्याकडे सुरी तयार झाली की करणारा ती नखावर घासून पाहतो, कागद कापून दाखवतो, फार तर एखादा टोमॅटो चिरतो, आणि मग छायाचित्र काढून विकायला ठेवतो. यातून धार लावण्याचे कौशल्य तेवढे सिद्ध होते, कारण नरम लोखंडाच्या पट्टीलाही कागद कापण्याइतकी धार लावता येते. ती धार हाडाजवळच्या दहाव्या घावानंतर टिकेल काय, पाते फरशीवर पडले तर टोक तुटेल काय, मुठीच्या तोंडाशी पाते हलू लागेल काय, या प्रश्नांची उत्तरे करणाऱ्याकडे नसतात आणि ती गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात, त्याच्या खर्चाने, मिळतात.

स्पर्धेत मात्र पाते करणाऱ्याच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या हाती जाते. ज्याने ते घडवले त्याला त्याची नाजूक जागा ठाऊक असते आणि तो नकळत ती जागा वाचवून घाव घालतो. परक्या हाताला ही दयामाया नसते. शिवाय तुटल्यानंतर ते का तुटले याची चिकित्सा होते. तुटलेली कड कॅमेऱ्याजवळ धरली जाते, तेथे मोठे दाणे दिसतात किंवा जुना काळवंडलेला तडा दिसतो, आणि परीक्षक त्याचे कारण सांगतात. माझ्या मते अख्ख्या भागातील ती दोन मिनिटे सर्वांत मोलाची असतात. पार्श्वसंगीताचा ढोल तेवढा मनाने वजा करावा.

शंकेखोर

आपला मुद्दा मान्य केला तरी एक आक्षेप नोंदवतो. हा शेवटी करमणुकीचा कार्यक्रम आहे. तीन तासांच्या कामातील काही मिनिटेच आपण पाहतो, आणि ती कोणती हे संकलक ठरवतो. पाते तापवून तेलात बुडवताना ज्वाळा उठतात म्हणून तो क्षण प्रत्येक भागात हमखास असतो, पण त्यानंतर पाते मंद आचेवर धरून त्याचा ठिसूळपणा कमी करण्याचे जे काम असते, ते दिसण्यासारखे नसल्यामुळे पडद्यावर जवळपास येतच नाही. परिणामी नव्या मुलांना वाटते की तेलात बुडवले म्हणजे पाते झाले.

ओतकाम

शंकेखोर यांनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. मी फौंड्रीत हिट ट्रीटमेंटचे, म्हणजे धातू तापवून-निववून त्याचे गुण बदलण्याचे, काम पाहतो, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

कार्यक्रमात पाती ज्या कारणांनी बाद होतात त्यांतील मोठा वाटा उष्णतेच्या हाताळणीचा असतो. घाई झालेला लोहार पाते पिवळसर होईपर्यंत तापवतो, कारण पोलाद जितके तापलेले तितके ते हातोड्याखाली लवकर सरकते. घडवताना हे चालते. परंतु त्याच घाईत त्याच आचेवरून पाते तेलात गेले, की पोलादातील कण वाढलेल्या अवस्थेत गोठतात आणि पाते कठीण होते पण काचेसारखे तुटते. तुटलेल्या कडेवर जाडी साखर पसरल्यासारखी दिसते ती याच कारणाने. नीट हाताळलेल्या पोलादाची कड करड्या मखमलीसारखी बारीक दिसते. यावरचा उपाय फुकटात होतो. घडवणे संपल्यावर पाते पुन्हा तापवून उघड्या हवेत निवू द्यायचे, आणि दर वेळी आच थोडी कमी ठेवत हे दोनतीनदा करायचे. याला नॉर्मलायझिंग म्हणतात. त्याने कण पुन्हा बारीक होतात आणि हातोड्याने आत साठलेला ताणही निघतो, त्यामुळे तेलात पाते वाकण्याची शक्यताही कमी होते. स्पर्धेत घड्याळासमोर हा टप्पा गाळण्याचा मोह होतो. आपल्यामागे घड्याळ नाही, तरी आपणही तो गाळतो, कारण गाळलेला टप्पा बाहेरून दिसत नाही.

दुसरी बाब चुंबकाची. स्पर्धक भट्टीतून पाते काढून चुंबकाला लावून पाहतात हे सर्वांनी पाहिले असेल. साधारण ७७० अंश सेल्सिअसला पोलाद चुंबकाला चिकटेनासे होते. पुष्कळांचा समज असा होतो की हीच पाणी देण्याची, म्हणजे बुडवून कठीण करण्याची, आच. वास्तविक साध्या कार्बन पोलादाला त्याहून आणखी चाळीसपन्नास अंश वर जावे लागते, म्हणजे ८१० ते ८२० च्या आसपास. कमानपाट्याच्या (गाडीच्या पट्टीस्प्रिंगच्या) किंवा बेअरिंगच्या पोलादाला थोडे अधिक आणि त्या आचेवर काही मिनिटे थांबणेही लागते, कारण त्यांत क्रोमियम असेल तर कार्बन विरघळायला वेळ लागतो. के टाइप थर्मोकपल (भट्टीची आच मोजणारी तार) आणि त्याचा आकडे दाखवणारा इंडिकेटर आपल्या गावात सहज मिळतो. तो घेणे शक्य नसेल तर निदान भट्टी सावलीत ठेवा, कारण उन्हात लाल रंग एक पायरी फिका दिसतो आणि माणूस गरजेपेक्षा जास्त तापवतो.

तिसरी बाब पोलादाची ओळख. तेथे कधी कधी भंगारातून पोलाद निवडायला लावतात आणि लोहार ते ग्राइंडरला लावून ठिणग्या पाहतात. कार्बन जास्त असेल तर ठिणगीला फुलबाजीसारखे फाटे फुटतात, नरम लोखंडाच्या ठिणग्या सरळ लांब जातात. ही परीक्षा ढोबळ आहे. आपल्याकडे ट्रकचा कमानपाटा सर्रास वापरला जातो आणि तो बहुधा ईएन ४५ किंवा एसयूपी ९ या जातीचा असतो. दोन्हींत कार्बन अर्धा टक्का किंवा थोडा अधिक, मात्र एकात सिलिकॉन भरपूर आणि दुसऱ्यात क्रोमियम. दोन्ही तेलात कठीण होतात, आणि दोन्हींना पाण्यात तडकण्याचा धोका असतो. याशिवाय रस्त्यावर वर्षानुवर्षे दणके खाल्लेल्या पाट्यात डोळ्यांना न दिसणारे तडे असतात, ते नव्या पात्यात जसेच्या तसे उतरतात. फौंड्र्यांच्या या गावात स्पेक्ट्रोवर (धातूतील घटक मोजणाऱ्या यंत्रावर) तुकडा तपासून घेणे अवघड नाही. एकाच खेपेचे पोलाद एकदाच जास्त घेऊन एकदाच तपासावे, म्हणजे प्रत्येक सुरीमागे तो खर्च नगण्य होतो.

भात्याजवळचा

आमच्या घरात तीन पिढ्या विळे, खुरपी, कुऱ्हाडी आणि ऊसतोडीचे कोयते होत आले. ओतकाम साहेबांचे लिहिणे बरोबर आहे, तरी एका गोष्टीवर मला बोलावेसे वाटते, कारण या चर्चेत आपला गावचा लोहार म्हणजे काही न तपासता माल खपवणारा, असा ग्रह होईल.

आमच्या मालाची तपासणी रोज होत असते आणि ती करणारा परीक्षक कडक असतो. ऊसतोडीला आलेली टोळी एकाच गावात महिना दीड महिना मुक्काम करते. कोयता ऊस अगदी जमिनीलगत तोडतो, त्यामुळे तो रोज मातीवर आणि अधूनमधून दगडावर बसतो. धार उडाली तर तो माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी कोयता घेऊन दारात उभा राहतो, आणि टोळीतल्या सगळ्यांसमोर बोलतो. म्हणून आमच्याकडे कोयत्याला मुद्दाम कमी पाणी देतात. तोडणारा फडातच कानस मारून धार काढतो. कानस जर धारेवर घसरू लागली, तर कोयता कितीही टिकाऊ असला तरी त्याच्या उपयोगाचा नाही. टीव्हीवरचे परीक्षक कोयत्याची परीक्षा घेतील तेव्हा त्यांना तो बहुधा नरम वाटेल.

दुसरे असे की पाणी देऊन नंतर वेगळे टेंपरिंग (मंद आचेवर ठिसूळपणा कमी करणे) करण्याची जी रीत तेथे दिसते, किंवा शंकेखोर म्हणतात त्याप्रमाणे दिसत नाही, तिच्याऐवजी आमच्याकडे दोन्ही कामे एकाच तापात होतात. पाते तापवून फक्त धारेकडची बाजू पाण्यात किंवा तेलात धरायची आणि पाठ बाहेर ठेवायची. धार निवली की पाते वर काढून दगडाच्या तुकड्याने चटकन घासून चकचकीत करायचे आणि पाठीत उरलेली उष्णता धारेकडे सरकू द्यायची. घासलेल्या जागी आधी फिकट पिवळा रंग येतो, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. विळ्याला पिवळा सरतासरता, कोयत्याला आणि कुऱ्हाडीला तपकिरी-जांभळ्याच्या मधे पाते पुन्हा बुडवून रंग थांबवायचा. ओतकाम साहेब याला अंश लावून देतील. माझे वडील यात कधी घड्याळ पाहत नसत. टीव्ही पाहून आलेल्या मुलांना मी हे दाखवतो तेव्हा त्यांना ते जुनाट वाटते, आणि त्याच वेळी ती मुले घरच्या केक भाजायच्या ओव्हनवर विसंबून असतात, ज्याचा काटा वीस अंशांनी चुकीचा असतो.

तरीही एक गोष्ट मी त्या कार्यक्रमातून उचलली, ती म्हणजे कामाची आखणी. जो स्पर्धक पहिली दहा मिनिटे कागदावर पात्याचा आकार काढून, किती पोलाद कोठे सरकवायचे हे ठरवून मग भट्टीकडे जातो, तो बहुतेक वेळा पुढे टिकतो. जो लगेच हातोडा उचलतो त्याचे पाते शेवटी एक इंच आखूड भरते. आमच्याकडे आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी जी धावपळ होते ती याहून कमी नसते, आणि आता मी आदल्या रात्रीच तुकडे तोडून वजनाप्रमाणे लावून ठेवतो.

ओतकाम

अंश लावून देतो. फिकट पिवळा साधारण २२०, तपकिरी २६०, जांभळा २८०, निळा ३०० च्या आसपास. हे आकडे साध्या कार्बन पोलादाचे आहेत, आणि मिश्रधातू बदलला की रंग थोडा उशिरा येतो. आपली रीत शास्त्राला धरून आहे. तिची एकच मर्यादा म्हणजे त्या आचेवर पाते काही सेकंदच राहते, तर ओव्हनमध्ये ते दोन तास राहते आणि परिणाम जास्त एकसारखा मिळतो. ओव्हनच्या काट्याविषयी आपण म्हणता ते खरे आहे. आत स्वतंत्र थर्मामीटर ठेवावा आणि पाते वाळूच्या ट्रेमध्ये ठेवावे, म्हणजे ओव्हनची आच वरखाली झाली तरी पात्याला झटका बसत नाही.

विळीवाली

मी सुऱ्या करत नाही, विकते आणि रोज वापरते. महाद्वार रोडजवळच्या आमच्या दुकानात स्थानिक कारागिरांच्या सुऱ्या आम्ही ठेवतो. परत येणाऱ्या सुऱ्यांविषयी लिहिते, कारण पोलादावर इतके लिहिले गेले आणि मुठीवर कोणीच लिहिले नाही.

आमच्याकडे परत येणाऱ्या बहुतेक सुऱ्यांत पाते शाबूत असते आणि मूठ गेलेली असते. कार्यक्रमातही दुसऱ्या फेरीत असेच होते. पात्याचा मुठीत शिरणारा भाग, ज्याला कारागीर टँग म्हणतात, तो पात्याला जेथे मिळतो त्या खांद्याशी काटकोनी खाच ठेवली तर सगळा ताण त्या कोपऱ्यात गोळा होतो आणि पाते तेथेच मोडते. कोपरा गोल कानशीने गोलसर करण्याचे काम दोन मिनिटांचे आहे. टँग कठीण ठेवू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. घाईत भरलेला इपॉक्सी (चिकटवण्याचा पदार्थ) सुकण्याआधी रिव्हेट ठोकले तर मुठीच्या फळ्या पुढे सुटतात, आणि आपल्या स्वयंपाकघरात सुरी दिवसातून अनेकदा पाण्याखाली जाते हे त्यात धरले पाहिजे. फटीत पाणी गेले की आतून गंज चढतो आणि एका पावसाळ्यात फळी उचलली जाते. अमेरिकेतील परीक्षक मूठ हातात आवळून पाहतात, पण तिच्यावर ओला हात फिरवून पाहत नाहीत.

पात्याच्या जाडीविषयीही सांगते. स्पर्धेत पाते शिंगावर हाणले जाणार हे माहीत असल्यामुळे स्पर्धक ते जाड ठेवतात आणि ते बरोबरच आहे. परंतु तोच आकार पाहून आपली मुले भाजीची सुरी घडवतात, तेव्हा ती गाजर कापत नाही, फोडते. कांदा चिरणाऱ्या सुरीचे पाते धारेच्या अगदी मागे अर्ध्या मिलिमीटरपेक्षा पातळ हवे आणि धारेचा कोन प्रत्येक बाजूने पंधरा ते वीस अंश. कोयत्याला जे शोभते ते स्वयंपाकघरात नको.

पेठेतला पट्टेकरी

एक छोटी भर. कार्यक्रमाच्या शेवटच्या फेरीत आपल्याकडची शस्त्रेही येतात. पहिल्याच हंगामात चक्र होते. आम्ही तालमीत मर्दानी खेळ शिकवतो, आणि दांडपट्ट्याचे पाते आम्हाला लवचिक लागते. ते वाकून पुन्हा सरळ आले पाहिजे, आणि त्याला फार धार असण्याचे आमच्या खेळात कारणच नाही. म्हणून तेथील तोडण्याच्या चाचणीत उत्तम ठरलेले पाते आमच्या खेळाडूच्या हातात धोकादायक ठरू शकते. परीक्षा कोणत्या कामासाठी आहे हे आधी ठरले पाहिजे, एवढेच म्हणायचे होते.

निसणा

पट्टेकरी आणि भात्याजवळचा या दोघांनी माझ्या मूळ लिखाणाला योग्य मुरड घातली आहे. तपासणी हवी, आणि ती त्या त्या कामाची हवी, असे आता मी म्हणेन. याला धरून एक वेगळे उदाहरण देतो. त्या कार्यक्रमातील परीक्षक जे. निल्सन हे अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीचे मास्टर स्मिथ, म्हणजे तेथील सर्वांत वरच्या दर्जाचे लोहार, आहेत. १९७६ साली स्थापन झालेल्या या संस्थेची पहिल्या पायरीची परीक्षा टीव्हीवरच्या परीक्षेहून खूप शांत आणि माझ्या मते खूप शहाणी आहे. दहा इंचांपर्यंतच्या पात्याच्या एकाच सुरीने आधी टांगलेला एक इंच जाडीचा दोर एका घावात तोडायचा, मग साधारण दोन बाय चार इंचांची लाकडी पट्टी दोनदा तोडायची, त्यानंतर पुन्हा न लावलेल्या त्याच धारेने हातावरचे केस काढून दाखवायचे आणि शेवटी पाते शिकंजात धरून ९० अंशांत वाकवायचे. ते तुटता कामा नये. धार, तिचा टिकाऊपणा आणि पाठीचा चिवटपणा हे तिन्ही गुण एकाच पात्यात, एकाच क्रमाने तपासले जातात. असे पाते विकता येत नाही, ते परीक्षेसाठीच केलेले असते, आणि पाणी देण्याचे ज्ञान हातात उतरले आहे की नाही हे त्यातून कळते.

शंकेखोर

हे सगळे पटते. पण महिन्याला मोजक्या सुऱ्या करणाऱ्याने त्यातील एक मोडायची म्हणजे महिन्याची कमाईच मोडायची. ते कसे परवडावे?

ओतकाम

पूर्ण सुरी मोडण्याची गरज नाही. ज्या पट्टीतून सुरी घडवता तिच्याच टोकाचा बोटभर तुकडा सुरीबरोबर तापवा, तिच्याबरोबरच तेलात बुडवा आणि मग शिकंजात धरून हातोडीने मोडा. कड बारीक दिसली तर आच बरोबर होती. दाणे दिसले तर सुरीला मूठ बसवण्याआधीच ती पुन्हा नॉर्मलायझिंगला घ्या. त्याआधी कानस मारून पाहा. कानस घसरली तर पाते कठीण झाले, धरली तर झाले नाही. मात्र वरचा पातळ थर भट्टीत कार्बन गमावून नरम होतो, म्हणून दोनतीन फटके एकाच जागी मारूनच निर्णय करावा.

टेंपरिंगनंतर धार लावून पितळी सळीची परीक्षा घ्या. सहा मिलिमीटर जाडीची सळी शिकंजात आडवी धरावी, तिच्यावर सुरीची धार, धार लावली त्याच कोनात, दाबून ओढावी आणि उजेडात पाहावे. धार किंचित वाकून परत सरळ झाली तर आच नेमकी बसली. वाकलेलीच राहिली तर पाते नरम आहे. तुकडा उडाला तर आणखी दहापंधरा अंश वाढवून टेंपरिंग पुन्हा करावे. या तिन्ही गोष्टींना मिळून खर्च म्हणजे एक तुकडा पोलाद आणि एक पितळी सळी. वहीत पोलादाची जात, आच, तेल आणि निकाल लिहून ठेवावा, नाहीतर चार महिन्यांनी तीच परीक्षा पुन्हा द्यावी लागते.

आणखी एक, कारण ते कोणी लिहिले नाही. त्या कार्यक्रमात स्पर्धक ग्राइंडरसमोर डोळ्यांना चष्मा आणि तोंडाला मास्क लावतात. आपल्याकडे तेवढेच सोडून बाकी सगळे उचलले जाते. जस्ताचा मुलामा असलेले भंगार तर भट्टीत घालूच नये; त्याच्या धुराने ताप येतो.

भात्याजवळचा

तुकडा मोडून पाहण्याची गोष्ट आमच्याकडेही आहे, फक्त आम्ही तो पाट्याचा तुकडा विकत घेतानाच मोडतो. दोन्ही ठिकाणी मोडायला हरकत नाही.

ज्यांना आपले पाते परक्या हाताने तपासून हवे असेल त्यांनी माझ्या भट्टीवर आणावे. बाजाराचा दिवस सोडून कोणत्याही दुपारी चालेल. काथ्याचा इंचभर जाडीचा दोर, बाभळीचा ओंडका आणि शिकंजा माझ्याकडे आहे. कानस आपापली आणावी, कारण माझ्या कानशीवर मी दुसऱ्याची धार घालू देत नाही. भाजीच्या सुऱ्या असतील तर विळीवाली ताईंनी यावे आणि त्यांनीच त्या कापून पाहाव्यात.

निसणा

मी येतो. येणाऱ्यांना एक सूचना. तलवारी, खंजीर, तसेच घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामाची नसलेली आणि ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची सुरी, ही सर्व २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार शस्त्रांच्या वर्गात मोडतात. तेव्हा टीव्हीवरच्या शेवटच्या फेरीची नक्कल करून घडवलेले काही कोणी पिशवीत घालून आणू नये. कोयते, विळे, सुऱ्या आणि मूठ न बसवलेली पाती आणावीत, आणि पात्यावर खडूने पोलादाची जात लिहून ठेवावी.